आधी छप्पर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘दादरच्या फ्लॅटच्या किमतीत फ्रान्समध्ये महाल’ या मथळ्याचा लेख आला. त्यातला किमतीचा आकडा चुकीचा नाही, हे आधीच सांगतो. फ्रान्सच्या खेड्यांत दोन-दोनशे वर्षांची, बारा-पंधरा खोल्यांची, भोवती झाडी आणि कुरण असलेली घरे अडीच-तीन कोटी रुपयांत खरोखर मिळतात. पण लेख किमतीपाशीच थांबला. त्यामुळे आमच्या चाळीत जे झाले ते पाहून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आमची ठाकूरद्वारची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांशी माझी चाळीस वर्षांची ऊठबस. सोमवारी सकाळी ते लेखाचे कात्रण घेऊन आले. मिळणारी नवी जागा विकायची, गावची आमराई विकायची, धाकट्या मुलासाठी तिकडे घर घ्यायचे आणि उरलेले आयुष्य नवरा-बायकोने तिथेच काढायचे, असे त्यांनी घरात बोलूनही टाकले होते. “अण्णा, तुमच्या लेकीने घेतलंय ना तसलं घर? मग सांगा, कुठे सही करायची,” असे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला काळजीच वाटली. फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये मी ३६ वर्षे खरेदी-विक्रीच्या दस्तांचे काम केले. सही कुठे करायची हे विचारत आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली काही नंतर वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवरही पाहिली आहेत.

माझी मुलगी आणि जावई क्लेरमाँ-फेराँ या शहरात नोकरीला आहेत. २०२३ साली त्यांनी तिथून पावणेदोन तासांवर, क्रोझ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जुने घर घेतले. त्याला तिकडे ‘मान्वार’ म्हणतात. शातोपेक्षा, म्हणजे सरदारी महालापेक्षा, लहान, शेतकऱ्याच्या घरापेक्षा मोठे, म्हणजे आपल्या इनामदाराच्या वाड्यासारखे. ग्रॅनाइटच्या भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन हात जाड. छपराला पाटीच्या दगडाच्या पातळ चकत्या. मागे धान्याचे कोठार, एक आटलेले तळे, चेस्टनटची झाडे आणि सात हेक्टर कुरण. किंमत २ लाख ८५ हजार युरो. हिशेब सोपा जावा म्हणून युरो शंभर रुपयांना धरतो, तर २ कोटी ८५ लाख.

एवढे मोठे घर एवढ्या पैशात का मिळते, हा पहिला प्रश्न लेखात यायला हवा होता. क्रोझची लोकसंख्या १८५१ च्या सुमारास पावणेतीन लाखांच्या वर होती, आज ती सव्वा लाखाहूनही कमी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले पुरुष गवंडीकामासाठी वसंतात पॅरिसची वाट धरत, रेल्वे येण्याआधी तर पायी, आणि थंडीच्या तोंडावर परतत. शेती, जनावरे, म्हातारी माणसे सांभाळायच्या त्या बायका. पॅरिसच्या मोठमोठ्या इमारती उठल्या त्यांत या गवंड्यांचे हात होते. त्यांच्यातलाच मार्तँ नादो पुढे लोकप्रतिनिधी झाला. हळूहळू माणसे परतेनाशी झाली, बायकामुलेही शहरात गेली. माझे गाव राजापूर तालुक्यातले. माझे आजोबा गिरणीत होते, आजी गावी. मला ही गोष्ट कोणी फोड करून सांगायची गरज पडली नाही. त्या खेड्यातून पहिल्यांदा फिरताना बंद दारांना लावलेली कुलुपे पाहिली आणि मी मुलीला म्हटले, “अगं, हे तर आपलंच गाव.”

दुसरे कारण वाटणीचे. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेपासून तिकडे सगळ्या मुलांना वारसाहक्क आहे आणि तो मृत्युपत्रानेही मारता येत नाही. मूल एक असेल तर मालमत्तेचा अर्धा, दोन असतील तर दोनतृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीनचतुर्थांश भाग मुलांसाठी राखीव. सामाईकीत राहण्याची सक्ती कोणावरही नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलीने घेतलेले घर तीन भावंडांचे होते. एकाला ठेवायचे होते, दोघांना विकायचे होते. अकरा वर्षे घर बंद राहिले आणि त्या अकरा वर्षांत छपरावर कोणी चढले नाही. आमच्या राजापूरच्या घराच्या उताऱ्यावर आज तेवीस नावे आहेत. शाकारणीचे पैसे कोणी द्यायचे यावर पत्रव्यवहार चालला असतानाच माजघराचे आढे खाली आले.

म्हणून शेजाऱ्यांना मी पहिली गोष्ट छपराची सांगितली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, सौदा ठरायच्या आधी, मुलीने मला सोबत नेले. पाऊस बारीक होता. घर पाहून जावई हरखून गेले होते: कोरीव दगडी चूल, गोल जिना, ओकच्या तुळया. मी माळ्यावर गेलो. कोकणातल्या माणसाला माळ्यावर गेल्याशिवाय घर कळत नाही. एका कोपऱ्यात तीन बादल्या मांडलेल्या होत्या आणि तिन्ही भरलेल्या. वाशावर बोट दाबले तर बोट आत गेले. लाकूड किड्याने आतून पोखरून भुसा केलेला.

दुसऱ्या आठवड्यात छपराचा कारागीर आला, साठीचा माणूस. त्याने शिडीवरून एकेक पाटी हातोडीच्या मागच्या टोकाने वाजवून पाहिली. चांगली पाटी खणकन वाजते, आतून फुटलेली बद्द आवाज करते. आपण मडके वाजवून घेतो तसेच. दुभाष्याची गरजच पडली नाही, मी खाली उभा राहून त्याच्याबरोबर मोजत होतो. पाटी शंभर वर्षेही टिकते, पण तिला धरून ठेवणारा लोखंडी खिळा त्याआधी गंजतो, आणि मग चांगली पाटीही घसरून खाली येते. त्याने अंदाजपत्रक दिले ९१ हजार युरोचे. पुढची उतरण पूर्ण नवी, मागची डागडुजी, दोन तुळया बदलायच्या, पन्हाळी जस्ताची. त्यावर १० टक्के कर धरूनच हा आकडा होता. राहत्या जुन्या घराच्या दुरुस्तीला तिकडे हा दर लागतो, नव्या बांधकामाला २० टक्के. म्हणजे घराच्या किमतीच्या जवळपास एकतृतीयांश पैसा फक्त डोक्यावर घालायचा.

स्वस्तात पत्रे घालू म्हणाल, तर तेही नाही. गावचे बाराव्या शतकातले चर्च संरक्षित आहे. संरक्षित वास्तूपासून ५०० मीटरच्या आत, तिच्या नजरेच्या टप्प्यात जे जे येते, त्याच्या बाह्यरूपात बदल करायचा तर सरकारी वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. १९१३ चा ऐतिहासिक वास्तूंचा कायदा आणि त्याला १९४३ मध्ये जोडलेली ही ५०० मीटरची तरतूद. खिडकीच्या झडपांचा रंगसुद्धा मुलीने विचारून लावला. मला हे जाचक वाटले नाही. मुंबईतही १९९५ पासून वारसा नियमावली आहे, आणि तरीही शेजारच्या खोताच्या वाडीतली घरे एकेक करून जाताना मी याच डोळ्यांनी पाहिली. पण विकत घेणाऱ्याला हे आधी माहीत हवे. घरच स्वतः संरक्षित यादीत असेल तर बंधने याहून कडक, त्याबदल्यात सरकारी अनुदान आणि करसवलती. पूर्ण करसवलत हवी तर घर लोकांना पाहायला वर्षातले ठरावीक दिवस उघडे ठेवावे लागते, साधारण पन्नास दिवस किंवा उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत चाळीस. व्हिलाँद्रीचा प्रसिद्ध शातो १९०६ मध्ये घेतला तो स्पॅनिश डॉक्टर कार्वालो आणि त्याच्या अमेरिकन पत्नीने. त्या माणसाने आपले संशोधन सोडून उरलेले आयुष्य त्या घराला आणि बागांना दिले. १९२४ मध्ये अशा घरमालकांची संघटना काढली, तीही त्यानेच.

चुन्याचेही सांगायला हवे. मुलीच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला आधीच्या मालकांनी कधीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. जुनी दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. सिमेंटने तिचे नाक दाबले जाते, मग ओल आतल्या बाजूने फुटते. तिथला कागद सोलून निघाला होता आणि वास येत होता. जांभ्याच्या घरांना सिमेंट फासून आपण कोकणात हेच करून ठेवले. तो गिलावा टाचून काढायला जावई आणि मी मिळून सतरा दिवस लागले. माझे वय तेव्हा ६७.

आता कागदांविषयी. हा माझा विषय असल्यामुळे थोडा विस्तार होईल, क्षमा असावी.

तिकडे खरेदीखत करतो तो नोतेर. तो वकील नव्हे, राज्याने नेमलेला अधिकारी. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा नोतेर एकच असू शकतो, दोघांनी वेगळे नेमले तरी फी वाढत नाही, ते आपसांत वाटून घेतात. जुन्या घरासाठी एकूण खर्च किमतीच्या सात ते आठ टक्के. त्यातला मोठा भाग सरकारी कर, नोतेरच्या खिशात थोडाच जातो. मुलीला साडेएकवीस हजार युरो लागले. मुंबईत आपण मुद्रांकशुल्क सहा टक्के आणि नोंदणीची फी जास्तीत जास्त तीस हजार देतो, त्याच्याशी ताडून पाहा.

आधी साठेकरार होतो. त्याची प्रत हाती आल्यावर घेणाऱ्याला दहा दिवस मिळतात. या दहा दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते आणि इसार परत मिळतो. विकणाऱ्याला ही मुभा नाही. करारासोबत तपासण्यांचे बाड असते. मुलीला मिळालेले ७४ पानांचे होते. १९४९ पूर्वीचे घर म्हणून रंगातले शिसे, जुन्या वस्तूंमधले ॲस्बेस्टॉस, पंधरा वर्षांहून जुनी वीजजोडणी, घराला ऊर्जा किती लागते याची श्रेणी, आणि ग्रॅनाइटचा मुलूख म्हणून जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची सूचनाही. सांडपाण्याच्या टाकीचा स्वतंत्र अहवाल होता. टाकी नियमात बसत नव्हती. अशी टाकी घेणाऱ्याने वर्षाच्या आत दुरुस्त करायची असते, त्याला १३ हजार युरो गेले. हे सगळे पैसे जोडले तर २ लाख ८५ हजारांचे घर ४ लाख १० हजारांना पडले. अजून स्वयंपाकघराला हात लागलेला नाही आणि थंडीची सोय फक्त दोन खोल्यांत आहे.

एक लक्षात ठेवायचे. या बाडात छप्पर नाही. छपराची, तुळयांची तपासणी कायद्याने बंधनकारक नाही. ‘आहे त्या स्थितीत घेतले’ अशी ओळ खरेदीखतात सर्रास असते आणि मग लपलेल्या दोषांबद्दल विकणाऱ्याला धरणे कठीण होते. म्हणून कारागीर स्वतःच्या खर्चाने आधी न्यायचा. आणि त्याच्याकडे दहा वर्षांच्या हमीचा विमा आहे का ते विचारायचे. १९७८ च्या कायद्याने तो बांधकाम करणाऱ्यावर बंधनकारक आहे.

खरेदीखताच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. नोतेरबाईंनी दस्त पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. जावयांचे फ्रेंच बेताचे, म्हणून दुभाष्याशिवाय सही घ्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. दुभाषी शेजारी बसून इंग्रजीत सांगत होता. मालकीचा इतिहास मागे तीस वर्षांपर्यंत. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण आम्हीही सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तीस वर्षांचाच सर्च घेत असू. कोणता तुकडा कोणाकडून, कोणत्या साली, कोणत्या दस्ताने. विहिरीवर शेजाऱ्याची पाण्याची वहिवाट. चतु:सीमा. दोन तास वीस मिनिटे वाचन चालले. मध्ये जावयांनी दोनदा हात वर करून विचारले, दोन्ही वेळा त्या थांबल्या आणि समजावले. माझ्या ३६ वर्षांत मी हजारो सह्या घेतल्या. टोकन, फोटो, अंगठा, पुढचा. पक्षकाराला दस्त वाचून दाखवायला आमच्याकडे कधी वेळ नव्हता. एका विधवा बाईंनी एकदा “यात लिहिलंय काय?” असे विचारले होते, तेव्हा मी “सगळं बरोबर आहे” एवढेच म्हटले होते. तिथे बसल्या बसल्या त्या बाई मला आठवल्या.

कुरणाची कथा वेगळी. सात हेक्टर एका शेतकऱ्याकडे कुळवहिवाटीने आहे, त्याच्या तांबूस लिमूझाँ गाई तिथे चरतात. विक्री निघाली की पहिला हक्क त्याचा. शिवाय शेतजमीन भलत्या हाती जाऊ नये म्हणून १९६० च्या कायद्याने निघालेली ‘साफेर’ नावाची संस्था आहे. नोतेर तिला कळवतो, दोन महिन्यांत ती स्वतः घेऊ शकते. दोघांनी हक्क वापरला नाही म्हणून सौदा झाला. पण कूळ कायम. करार नऊ-नऊ वर्षांचे, खंडाची मर्यादा सरकारी आदेशाने ठरलेली. आपला १९४८ चा कूळकायदा आणि कुळांना मालक करणारा १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ज्यांच्या घराने पाहिला त्यांना यात नवल वाटणार नाही. लेखातल्या फोटोत दिसणारे कुरण ‘आपले’ होते ते कागदावर. तिथे आंबा-काजूची कलमे लावायची स्वप्ने शेजाऱ्यांनी पाहू नयेत, हवेचा प्रश्न तर पुढचाच.

पैसे इथून कसे जातात तेही लिहायला हवे होते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. घरातली माणसे आपापली मर्यादा एकत्र करू शकतात. पण या कामासाठी भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही. २०२४ मध्ये छपरासाठी मी भविष्यनिर्वाह निधीतले १५ लाख मुलीला पाठवले, तेव्हा सात लाखांवरच्या रकमेवर २० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार, बँकेने कर म्हणून आधीच घेतले. विवरणपत्र भरून ते वळते झाले, पण तोवर अडकले. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख आहे. इथे राहणाऱ्याने तिकडे घर घेतले तर ते दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायचे. विसरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

हिंदुस्थानातला पैसा तिकडच्या घरात जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. महादजी शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, ज्याने उभे केले तो डी बॉईन फ्रान्समधल्या शाँबेरीचा. १७९६ मध्ये तो इथून गेला आणि पुढे गावाजवळ ब्युइसाँ-राँचा शातो घेऊन राहिला. गावाला त्याने सढळ हाताने दिले. त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये बांधलेल्या कारंजावर चार हत्ती आहेत. मुलीने मला मुद्दाम तिथे नेले होते. डी बॉईनने शिंद्यांसाठी लढलेल्या पाटण-मेडत्याच्या लढाया शाळेत शिकलेला माणूस त्या चौकात हत्तींसमोर उभा राहतो तेव्हा काय वाटते, ते मला नीट सांगता येणार नाही.

आणि राहण्याचे. घर घेतल्याने तिथे राहण्याचा परवाना मिळत नाही. साध्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. त्याहून जास्त राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा, आणि तिथे नोकरी-धंदा न करता जगता येईल एवढे उत्पन्न दाखवायचे. शेजाऱ्यांच्या पत्नीला मधुमेह आहे. मुलीच्या खेड्यात वस्ती तीनशे, डॉक्टर सतरा किलोमीटरवर, आणि बस शाळेच्या दिवशी दोनदा. शेजाऱ्यांनी लेखात हे शोधले, सापडले नाही.

घर घेऊ नका, असे मी कोणाला म्हणत नाही. मुलीने घेतले त्याचा मला आनंद आहे. गेल्या वर्षी छपराची शेवटची पाटी बसली त्या संध्याकाळी जोराचा पाऊस आला. आम्ही सगळे, तो कारागीरसुद्धा, माळ्यावर जाऊन बसलो आणि अर्धा तास नुसते ऐकत होतो. बादल्या कोरड्या होत्या.

शेजाऱ्यांनी परवा आमराई विकण्याचा विचार तूर्त थांबवला. छपराचे ते अंदाजपत्रक मी मराठीत उतरवून त्यांना दिले आहे, तीन पाने आहेत. पुरवणीत पुन्हा या विषयावर काही येणार असेल तर त्याची प्रत आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यातला पन्हाळीचा हिशेब तेवढा अवश्य छापा. तो सगळे विसरतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कन्व्हेयन्सिंग क्लार्क
ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई